रत्नागिरीचा बेत, कपिलधारचं नाव

मी जन्माचा भित्रा माणूस आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. शाळेत गुरुजी दुसऱ्याला छडी मारायचे आणि हात माझा मागं जायचा. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नुसतं "इकडं ये" म्हटलं तरी मागच्या आठवड्यात आपण काय काय केलं ते आठवत मी त्यांच्यापर्यंत पोचायचो. असल्या माणसानं आयुष्यात एकदा, फक्त एकदा, घरच्यांपासून लपवून एक बेत केला. समुद्रावर जाऊन ताजे मासे खायचा. आजही कुणी सुरमईचं नाव काढलं की मी उठून बाहेर जातो, आणि लोकांना वाटतं मला वास सहन होत नाही.

लातूर नवा जिल्हा होऊन दोनेक वर्षं झाली होती. उस्मानाबादहून ट्रक भरभरून फायली आल्या होत्या आणि त्या कुठं ठेवायच्या हे कुणालाच ठाऊक नव्हतं. भाड्याच्या इमारतीत कचेरी, व्हरांड्यात कपाटं, बाहेर ताज्या रंगाच्या पाट्या. त्या कचेरीत मला कारकुनाची नोकरी लागली, टंचाई शाखेत. पावसानं सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. माझ्या टेबलावर दिवसभर एकच मागणी यायची, टँकर पाठवा. औशाकडून यायची, निलंग्याकडून यायची, ज्या गावांची नावं मी कधी ऐकली नव्हती तिथूनही यायची. दिवसभर ते वाचून घरी जावं तर घरीही तेच. चार दिवसांआड टँकर आणि घागरींची रांग.

माझ्या समोर आमचे अव्वल कारकून बसायचे. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. मूळचे रत्नागिरीकडचे, नवा जिल्हा झाला म्हणून इकडं बदलीवर आलेले, आणि आल्या दिवसापासून परत जायची वाट बघणारे. त्यांचा डबा उघडला की सुक्या बोंबलाचा वास सुटायचा आणि आजूबाजूची टेबलं रिकामी व्हायची. मी मात्र तिथंच बसायचो. वास नकोसा व्हायचा आणि उठवतही नसे.

"हे सुकं म्हणजे नुसता फोटो रे," ते म्हणायचे. "खरा माणूस समुद्रावर. पहाटे होड्या लागतात, टोपल्या उतरतात, मासा अजून अंग हलवत असतो. तो घ्यायचा, तसाच खानावळवाल्या मावशीकडं न्यायचा. तुम्हां लोकांना कसं सांगू?"

आम्हां लोकांना सांगण्यात खरंच अर्थ नव्हता. आम्ही लिंगायत वाणी. गंजगोलाईच्या बाजारात अप्पांचं किराणा दुकान. आमच्याकडं अंड्याचं नावसुद्धा दबक्या आवाजात घेतात. गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, ते अंगावरून उतरवायचं नाही. सकाळी डाव्या तळहातावर घेऊन त्याची पूजा करायची, आणि जे खायचं ते आधी त्याला दाखवायचं, मग तोंडात घालायचं. अप्पा तर बसस्टँडवर पेरू खाल्ला तरी आधी डबीवर हात ठेवून डोळे मिटायचे.

तरी मी बेतात सापडलो. खरं सांगतो, मला मासा नको होता. मला समुद्र हवा होता. रोज टँकरचे अर्ज वाचणाऱ्याला एकदा तरी असं पाणी बघायचं होतं, ज्याच्यासाठी कुणाला अर्ज करावा लागत नाही. पण भाऊसाहेबांनी स्पष्ट सांगितलं, "शेंगाचटणी खायला तुला रत्नागिरीला नेऊ? जीपमध्ये चार जागा. खाणाऱ्याला जागा आहे, बघ्याला नाही."

आणि मी, आयला, 'खातो' म्हणालो!

मग दुपारच्या सुट्टीत बेत रंगायला लागला. त्या वर्षी सव्वीस जानेवारी शनिवारी येत होती. झेंडावंदन झालं की जिलेबी तोंडात असतानाच निघायचं. जीप भाऊसाहेबांच्या ओळखीच्या एका आडत्याची, चालवणार तोच. औसा, तुळजापूर, सोलापूर करत रात्री कोल्हापूर. पहाटे आंबा घाट उतरून रत्नागिरीच्या बंदरावर. टँकरच्या कोऱ्या फॉर्मच्या मागं भाऊसाहेबांनी शिसपेन्सिलीनं सगळं लिहून काढलं. सकाळी तळलेले बांगडे, दुपारी सुरमईचं कालवण आणि तिसऱ्या म्हणजे शिंपल्या, संध्याकाळी खाडीच्या कडेला कुर्ल्या. परतीच्या वाटेवर पापलेट, आणि सगळ्यावर सोलकढी. ताजा मासा कसा ओळखायचा तेही मला शिकवलं. कल्ला उचलून बघायचा, आत लालभडक पाहिजे. काटा कसा काढायचा ते त्यांनी बोंबलावर करून दाखवलं आणि मी खडूच्या तुकड्यावर करून दाखवलं.

तो कागद मी पाकिटात ठेवला, पाकीट आतल्या खिशात, आणि खिशाला पिन. घरी शर्ट काढताना आधी ती पिन चाचपायचो. कारण घरात नेमकं काय चाललं होतं, ते सांगतो. माझ्या धाकट्या बहिणीची सुपारी फुटली होती. उदगीरचं घर, बी-बियाणांचं मोठं दुकान, आमच्याच जातीचं आणि आमच्यापेक्षा कडक. फाल्गुनात लग्न. मुलीचा भाऊ मासे खातो एवढं जरी त्यांच्या कानावर गेलं, तरी लग्न मोडलं असतं. आणि मोडलेल्या लग्नाची मुलगी म्हणून तिचं नाव लातूर-उदगीरच्या सगळ्या दुकानांत फिरलं असतं. ती बारावी होऊन घरीच होती. मुलाचा फोटो तिनं शिवणाच्या डब्यात ठेवला होता. मी तो पाहिला होता, आणि मी पाहिलाय हे तिला माहीत होतं. दोघंही त्यावर बोललो नव्हतो.

एवढं सगळं कळत असून मी जाणार होतो. भित्र्या माणसाच्या अंगात एकदा वारं शिरलं की ते असं शिरतं.

आता लिंगाचं काय करायचं? रात्रंदिवस हाच घोर. गळ्यात ठेवून मासा खायचा तर आधी मासा लिंगाला दाखवायचा? शिव शिव! न दाखवता खायचा? ते आजवर कधी केलं नव्हतं. काढून ठेवायचं? कुठं? जीपमध्ये? मी भाऊसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "चौथा गडी तुमच्यातलाच आहे. त्यालाच विचार. तो माझ्या शेजारच्या खोलीत राहतो. रविवारी ये, ओळख करून देतो."

आमच्यातला! मला वाटलं, बरं झालं, जोडीला कुणीतरी भित्रा आहे.

रविवारी दुपारी मी भाऊसाहेबांच्या खोलीवर गेलो. खाटेवर बनियन घालून एक माणूस बसला होता, काडीनं दात कोरत. त्यानं मान वर केली आणि मी उंबऱ्यातच थबकलो. फोटोतला माणूस! मुलगी बघायला आमच्या घरी येऊन गेलेला! माझे होणारे दाजी! त्यांना लातुरात एका बँकेत नोकरी लागलीय आणि ते खोली शोधतायत एवढंच आमच्या कानावर होतं.

मला वाटलं तेही घाबरतील. एक क्षण त्यांची काडी थांबली. मग हसले.

"या मेव्हणे! तुम्हीबी का? झकास. आता फिकीरच न्हाई. तुम्ही माझं सांगणार न्हाई, मी तुमचं सांगणार न्हाई."

भिंतीवरच्या खुंटीला शर्ट टांगला होता आणि त्याच खुंटीला चांदीची डबी. मी तिच्याकडं बघतोय हे त्यांनी पाहिलं. "गावाकडं जाताना घालतो," ते म्हणाले, "इथं कोण बघतंय?"

मी स्वतःला सांगत होतो, बाबा रे, तू तरी कोण मोठा लागून गेलास? तूही तेच करायला निघालायस. ते खरंच होतं. तरी त्या खुंटीकडं बघवेना.

"घरी काय सांगितलंस?" भाऊसाहेबांनी मला विचारलं. मी अजून काहीच सांगितलं नव्हतं. रोज सांगायचं ठरवून जायचो आणि पाणी पिऊन झोपायचो.

"त्याचा इंतजाम मी करतो," दाजी म्हणाले आणि खाली उतरले. घरमालकाकडं फोन होता. उदगीरला ट्रंककॉल लावला. मी दारात उभा. "आई, शनिवारी मी येत न्हाई. कपिलधारला दर्शनाला चाललोय. हाव, लग्नाच्या आधी एकदा जावं म्हणून. लातूरचे मामा लई मागं लागलेत, त्यांनीच पोराला माझ्यासंगं लावून दिलंय... अगं खरंच. तुझी शपथ!" कपिलधार म्हणजे आम्हां लिंगायतांचं तीर्थ, आणि लातूरचे मामा म्हणजे माझे अप्पा. हे सगळं बोलताना त्यांनी माझ्याकडं बघून डोळा मारला, आणि काडी ओठांच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेला नेली.

मी घरी आलो ते जीव मुठीत धरून. एक खोटं आता माझ्या अप्पांच्या नावावर उदगीरला जाऊन बसलं होतं, आणि अप्पांना त्याचा पत्ताच नव्हता.

तो पत्ता मंगळवारी लागला. दाजींचे वडील मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, कामाला आले होते, ते सरळ आमच्या दुकानावर आले. लाल कापडात बांधलेला नारळ आणि विभूतीची पुडी अप्पांच्या हातात दिली. "तुम्ही पोरांना कपिलधारला पाठवून राहिलात, लई बरं वाटलं. आमच्याकडूनबी एवढं वाहायला सांगा." अप्पांना काही माहीत नव्हतं. पण पाहुण्यांसमोर नाही कसं म्हणणार? त्यांना वाटलं, पोरांनी आपसांत ठरवलं असेल, आपल्याला मान द्यायला आपलं नाव पुढं केलं असेल. संध्याकाळी घरी आले ते चेहरा उजळूनच.

"जावई असावा तर असा," आईला म्हणाले. "या वयात देवधर्म कुणाला सुचतो?" मग माझ्याकडं वळले. "तू मला बोलला न्हाईस ते?"

"सांगणार... सांगणारच होतो, अप्पा."

"तुम्ही दोघंच?"

"हाव."

"कशानं?"

"जी... जीपनं." माझी जबान टाळूला चिकटली होती. कपाळावर घाम. आईनं पुढं होऊन कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "अगं बाई, पोराला कसर आलीय." मला सुंठीचा काढा मिळाला. तो पिताना मी पेल्याच्या आडून बहिणीकडं पाहिलं. ती चुलीपाशी बसून हसत होती, स्वतःशीच. तिच्या होणाऱ्या नवऱ्याचं एवढं कौतुक घरात पहिल्यांदाच होत होतं.

दुसऱ्या दिवशी आईनं फडताळातून तांब्याचा कलश काढला. दसऱ्याला ती माहेरी गेली होती तेव्हा तिथल्या आडाचं पाणी भरून आणलं होतं, तोंडाला कापड बांधून ठेवलेलं. देवाचं पाणी टँकरचं नको म्हणून. घरात घोट घोट पाणी मोजून पीत होतो आम्ही, पण त्या कलशाला कुणी हात लावला नव्हता. "हे ने," ती म्हणाली. "पोरीच्या नावानं वाहा. म्हणावं, हिचं बरं कर."

मी तो कलश घेतला. काय करणार? हातात घेतला आणि त्या क्षणी कळलं की मी हा कलश मांडीवर घेऊन सोलापूर, कोल्हापूर करत बंदरावर जाणार, आणि तिथं कुठल्यातरी गटारीत तो रिकामा करून घरी येऊन सांगणार, वाहिलं. दाजी तर हसत हसत करतील. मलाही शिकवतील. भीती आधीही होती, पण ती पकडलं जाण्याची. ही वेगळी होती. ही मी त्यांच्यासारखा होईन याची होती. आणि त्याहून मोठी म्हणजे, आमची पोर जन्मभर त्या माणसाच्या शब्दावर विसंबून राहणार होती.

पण सांगू कुणाला? दाजींचं सांगायचं तर माझं आधी निघणार. गप्प बसावं तर लग्न दीड महिन्यावर. दोन दिवस मी भाकरी कुस्करत बसलो.

गुरुवारी संध्याकाळी टँकर आला. मी आणि बहीण रांगेत उभे राहिलो, चार घागरी घेऊन. पुढं पंधरावीस बाया होत्या, भांडणं चालली होती, त्या गलक्यात आमचं कुणाला ऐकू जाणार नव्हतं.

"अण्णा, तुला कसर न्हाई आली," ती म्हणाली. "काय झालंय?"

मी पायानं घागर पुढं सरकवली आणि बोलायला लागलो. रांग जशी सरकेल तसं सांगत गेलो. भाऊसाहेब, जीप, बांगडे, कागद, सगळं. मग खोली, खुंटी, फोन. शेवटी कलश. ती माझ्याकडं बघत नव्हती, टँकरच्या पाइपाकडं बघत होती.

मला वाटलं रडेल. मग म्हणाली, "मासे खाईनात का. त्याचं मला काय न्हाई." घागर पुढं सरकवली. "फोनवर आईची शपथ घेतली, तवा त्यांचा आवाज कापला?"

"न्हाई."

"थोडाबी?"

"न्हाई. काडीनं दात कोरत होते."

"आन् तू अप्पांना हाव म्हणालास तवा?"

"माझी तर दातखीळ बसायची राहिली."

आमचा नंबर आला. तिनं चारी घागरी भरून घेतल्या, एक थेंब सांडू दिला नाही. दोन डोक्यावर चढवल्या आणि म्हणाली, "मग मला न्हाई जायचं त्या घरात."

"अगं, पण अप्पांना कारण काय सांगशील?"

"मी कशाला सांगू? तू सांगणार."

त्या रात्रीचं काही सांगत नाही. सकाळी अप्पा पूजेला बसले होते, डाव्या तळहातावर लिंग, समोर बेलाची पानं. मी त्यांच्यासमोर जाऊन बसलो आणि पाकिटातला तो कागद जमिनीवर ठेवला. काय बोललो ते नीट आठवत नाही. आवाज इतका कापत होता की दोनदा ते म्हणाले, "नीट सांग." दाजींचं सांगताना मी अडखळलो, पण तेही सांगितलं.

"खाल्लंस?" त्यांनी विचारलं.

"न्हाई."

"खाणार होतास?"

"हाव."

त्यांनी पूजा पुरी केली. एक मंत्र गाळला नाही. डबी गळ्यात घातली, कोट चढवला, टोपी घातली, देव्हाऱ्यातला तो लाल कापडातला नारळ पिशवीत टाकला आणि उदगीरच्या गाडीला निघून गेले. मला मारलं असतं तर बरं झालं असतं. आईनं तो कलश माझ्याकडून घेतला आणि परत फडताळात ठेवून दिला.

कचेरीत भाऊसाहेबांना मी येत नाही म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "मला वाटलंच होतं." शनिवारी झेंडावंदनानंतर ते गेले. दाजीही गेले, काही न झाल्यासारखे. बांगडे लई झकास होते म्हणे.

पुढची दोन वर्षं माझ्या बहिणीला स्थळ आलं नाही. त्या दोन वर्षांत मी रोज घाबरत उठलो. ती मात्र शिवणकाम शिकली, बायकांचे ब्लाउज शिवायला लागली. मग औशाच्या एका शाळामास्तरांचं स्थळ आलं. बोलताना सारखे चष्मा पुसणारे, घाम फुटणारे. तिनं चहा देताना एकदा त्यांच्याकडं पाहिलं आणि आत येऊन 'हाव' म्हणाली. मी अजून मासा खाल्लेला नाही. पण उदगीरपासून भोकरपर्यंत आमच्या नात्यात ज्याला विचाराल तो सांगेल, हा मासे खाणारा. असं का, ते अप्पा उदगीरला गेले त्या शुक्रवारी संध्याकाळीच मला कळलं.

अप्पा दिवेलागणीला परत आले. पिशवी रिकामी होती. ओट्यावर बसून पायावर अर्धा तांब्या पाणी घेतलं. मी खांबाला धरून उभा होतो.

"काय कारण सांगितलं?" मी विचारलं.

"तुझं. म्हणलं, आमचा पोरगा मासे खायला निघाला होता, तुमच्या घराला आमचं घर शोभायचं न्हाई."

"आन् त्यांच्या पोराचं?"

"त्याच्या आईसमोर तिच्या पोराचं उघडं करायला गेलो नव्हतो मी." त्यांनी पंच्यानं पाय पुसले. "ती माउली मलाच समजावून राहिली होती. म्हणाली, आमचा पोरगा सोन्यासारखा हाय, त्याच्या संगतीत ठेवू तुमच्याला, सुधारंल. मी काय बोलणार? हो न्हाई म्हणता म्हणता आवाज कापला माझा."

बहीण चुलीपासून उठून दारात आली होती. तिनं ते ऐकलं. मग आत गेली, फडताळातला कलश घेऊन आली, त्याच्या तोंडाचं कापड सोडलं आणि अप्पांना प्यायला पाणी दिलं.